ओल्या भिंतीतला स्क्रू

मित्रांनो, माझं वय सात वर्षं. दगडविटांच्या भिंतींना हे वय हसण्यासारखं वाटेल, पण मी जिप्समची भिंत आहे आणि मी जुनी होऊन संपले आहे. पांढऱ्या भुकटीचा जाड थर, त्याच्या दोन्ही बाजूंना कागद आणि आत पत्र्याचा सांगाडा, एवढीच मी. मी कुणाचं छप्पर पेललं नाही. एका मोठ्या खोलीच्या दोन खोल्या केल्या, बस.

झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये रत्नाकर आणि सरला यांच्या घरात मला उभं केलं. रत्नाकर पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची मुलगी मुग्धा ग्वाल्हेरला बँकेत नोकरी करते. ती सुट्टीत आली की तिला वेगळी खोली असावी म्हणून सरलाने माझा हट्ट धरला होता. जवळच्या बिजौलीहून श्यामसुंदर नावाचा कारागीर आला आणि त्याने दोन दिवसांत मला बांधलं. जाताना तो म्हणाला, "भाभीजी, ईखों पानी से बचाइयो. पानी लगो तो जा भीतर से सड़हे, ऊपर पता नईं चलहे."

सरलाने ते लक्षात ठेवलं. फरशी पुसताना माझ्या पायाशी ती फडकं पिळून घ्यायची. पाहुणे आले की मला टिचकी मारून दाखवायची. "बघा, पोकळ आहे, पण दिसते कशी!" पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं.

मग रत्नाकरांनी कूलर बदलला. झाशीचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल, पण इथे कूलरशिवाय माणूस दुपार काढू शकत नाही. नवा कूलर माझ्या टोकाजवळच्या खिडकीत बसवला, त्याचा स्विचबोर्ड माझ्यावर लावला आणि वायर माझ्या पोटातून नेली. कूलर थेंब थेंब गळायचा. पाणी माझ्या पायात मुरायचं.

पहिला डाग ताटलीएवढा होता. रत्नाकरांनी पुट्टी भरली. पावसाळ्यात तो परत आला. त्यांनी घासून पुन्हा पुट्टी भरली, वर ऑइल पेंट दिला. रंगामुळे ओल बाहेर पडेना, ती वर चढू लागली. पुढच्या वर्षी डाग गुडघ्यापर्यंत आला. सरलाने बोट टेकवलं तर पेर आत गेलं.

"अहो, श्यामसुंदरला बोलवा. ही मऊ झाली आहे."

"छत्तीस वर्षं मी कालव्यांच्या भिंती बांधून घेतल्या," रत्नाकर म्हणाले. "ह्या पुठ्ठ्यासाठी मला मिस्त्री लागतो?"

माझा खालचा भाग सुटून पुढे आला, तेव्हा त्यांनी शेजारून ड्रिल आणलं आणि अडीच इंची स्क्रू मारून मला सांगाड्याला आवळलं. पाच स्क्रू. माझ्यात धरायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांची डोकी बाहेरच राहिली. पाचवा स्क्रू स्विचबोर्डाच्या जवळ होता. तो वायरीचं आवरण खरवडून आत गेला. मला ते तेव्हाच कळलं. मित्रांनो, मला तोंड नाही. डाग पाडणं, फुगणं, मऊ होणं, एवढीच माझी भाषा. ती मी चार वर्षं बोलत होते.

आषाढ संपत आला तेव्हा सरला म्हणाली, "कूलर चालू असला आणि भिंतीला हात लागला की झिणझिण्या येतात."

रत्नाकर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "भिंतीला येतात की तुला? साठी उलटली. शुगर तपासून ये."

ती खरंच गेली. उपाशीपोटी रक्त देऊन आली. शुगर नव्हती. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "मग डोकं तपासायला हवं." ती हसली. बायकोने हसावं असाच तो विनोद होता, म्हणून हसली. त्यानंतर तिने झिणझिण्यांचं नाव काढलं नाही.

श्रावण लागला. ह्या घराण्यात श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. जिवती म्हणजे लेकरांना जपणारी देवी. दर शुक्रवारी आई तिची पूजा करते आणि मुलं परगावी असतील तर त्यांच्या दिशेने अक्षता टाकते. कागद एकदा लावला की महिना संपेपर्यंत हलवत नाहीत. सरलाने तो माझ्यावर चिकटवला, स्विचबोर्डाच्या शेजारी. आघाडा-दूर्वांची माळ अडकवायला तिथे आयतं स्क्रूचं डोकं होतं. पहिल्या दोन शुक्रवारी कूलर बंद होता, वीज गेलेली होती. म्हणून काही झालं नाही.

सरलाने गुपचूप श्यामसुंदरला फोनही केला होता. तो म्हणाला, सावन झाल्यावर येतो. इथल्या लोकांचा सावन राखीला संपतो. मराठी घरांचा श्रावण त्यानंतर पंधरा दिवस, अमावस्येपर्यंत चालतो. राखीनंतर दोन दिवसांनी तो दारात उभा राहिला.

त्याने मला वरून खालपर्यंत ठोकलं. वर टकटक आवाज आला, खाली काहीच आला नाही. त्याने बोट खुपसलं, काढलं, वास घेतला.

"बाबूजी, जौ तो गल गओ. पुट्टी को काम नईं बचो. काटनें परहै. और मेन बंद करो, पैले बिजलीवाले खों बुलाओ." मग तो स्विचबोर्डाजवळच्या पाचव्या स्क्रूकडे वाकला. "इते पेंच कौनने ठोको? ई में तो तार है!"

रत्नाकरांचा चेहरा लाल झाला. बायकोसमोर, स्वतःच्या घरात, एक मिस्त्री त्यांना विचारत होता.

त्यांनी जिवतीकडे बोट दाखवलं. "हमारा सावन अभी बाकी है. देवी लगी है. अमावस के बाद आना."

सरला म्हणाली, "अहो, समोरच्या भिंतीवर हलवू या की. मी गुरुजींना विचारते. देवी काय रागावणार आहे?"

"मुळीच नाही. घराण्यात कधी हलवली नाही."

श्यामसुंदर म्हणाला, "देवी तौ समझ जैहें बाबूजी, करंट नईं समझत." रत्नाकरांनी दार लावून घेतलं.

आणि सरलाला बरं वाटलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिच्या पूजेची पहिल्यांदाच कदर केली होती. संध्याकाळी तिने मुग्धाला फोनवर सांगितलं, "बाबांना आता देवाधर्माचं वाटू लागलंय गं." मुग्धा म्हणाली, "क्या बात है, आई! सूरज कुठून निघाला?"

तो मंगळवार होता.

शुक्रवारी फार उमस होती. कूलर चालू होता, माझ्या पायाशी पाणी साचलं होतं. सरला न्हाऊन आली. केस ओले, पाय अनवाणी. माळ धुऊन तिने ओंजळीत आणली. आधी ग्वाल्हेरच्या दिशेने अक्षता टाकल्या. मग पाचव्या स्क्रूला माळ अडकवायला हात वर केला.

वीज माझ्यातून तिच्यात गेली. मला ती अडवता आली नाही. रत्नाकर आतून म्हणाले, "अगं, चहा?" त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा चिडून विचारलं.

लोक आले. मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, "भाग्यवान. सवाष्ण गेली. शुक्रवारी, जिवतीसमोर!" रत्नाकर हात जोडून ऐकत राहिले. हे नशीब आहे असं प्रत्येकजण त्यांना सांगत होता आणि सुतकाचे तेवढे दिवस त्यांना ते पुरलं.

तेराव्यानंतर मुग्धाने श्यामसुंदरला बोलावलं. त्याने मेन बंद करवलं आणि मला कापलं. आत काळी बुरशी होती, सांगाडा गंजला होता. तो तुकडे उचलत म्हणाला, "आधे दिन को काम हतो, बिटिया." त्याने वायरीचा तुकडा तिच्या हातात दिला. स्क्रू अजून त्यातच रुतलेला होता.

मुग्धाने तो रत्नाकरांसमोर धरला.

"बाबा, हा कोणी लावला?"

श्यामसुंदर खाली मान घालून उभा होता. त्याचं नाव घेणं सोपं होतं. भिंत त्यानेच तर बांधली होती.

"मी," रत्नाकर म्हणाले. "आणि हा सांगायला आला, त्याला मी परत पाठवलं. जिवतीचं नाव पुढे केलं. तुझी आई कागद हलवायला तयार होती."

मुग्धाने संध्याकाळची गाडी पकडली. अजून तिचा फोन आलेला नाही.

मी आता फाटकाबाहेर तुकडे होऊन पडले आहे, कचऱ्याची गाडी येईल. तेवढ्यात सांगते. मित्रांनो, माझ्यासारख्या भिंतीला खिळ्याचं भोक पडलं, एखादा पोपडा उडाला, तर खुशाल स्वतः पुट्टी भरा. पण डाग पुसूनही परत आला, बोट आत गेलं, भिंत फुगून पुढे आली, किंवा आतून वायर जात असेल, तर ते तुमचं काम राहिलेलं नाही. हात लावू नका. जाणत्या माणसाला बोलवा. तो तुमच्या चुकीवर बोट ठेवील, घरच्यांसमोर ठेवील. ठेवू द्या. मेन बंद करा आणि बाजूला व्हा.