अकरा हजार किलोमीटरची पेटी

बाईंनी पेटी पोटाशी घट्ट धरली.

“ही यंत्रातून जाणार नाही. क्ष-किरणांनी आतल्या पेशींना इजा होते.”

“मॅडम, सगळ्यांचं सामान जातं,” विमानतळावरचा तपासनीस म्हणाला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी हे काम हौसेने पत्करलं होतं: एका देशातल्या दात्याची अस्थिमज्जा दुसऱ्या देशातल्या रुग्णापर्यंत हातोहात पोचवायची. दोन विमानतळांमधलं अंतर अकरा हजार किलोमीटर, मधे हा एक थांबा, एकूण एकवीस तास. मज्जा टिकणार जेमतेम तीन दिवस, त्यातला दीड दिवस धुक्याने खाल्लेला. पुढचं विमान उद्या संध्याकाळी. आणि तिकडे रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी संपवून टाकलेली. मागे फिरायची सोय नव्हती.

“इस्पितळाचं पत्र वाचलंत ना?”

“असं पत्र कुणीही छापून आणेल.”

“मग खालच्या नंबरावर फोन करा. नाहीतर तुमच्या साहेबांना बोलवा.”

“साहेब जेवायला गेलेत.”

फलकावर त्यांच्या विमानापुढे शेवटची सूचना लुकलुकत होती. पण आवाज चढवला की हटून बसलेलं पोर जास्तच हटतं, हे त्यांना तीस वर्षांच्या वर्गाने शिकवलं होतं. त्या हळू बोलल्या.

“हातमोजे घाला. मी उघडते, तुम्ही बघा. फक्त मिनिटभर.”

“काही झालं तर नोकरी माझी जाईल.”

“खरं आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेटी त्याच्यापुढे ठेवली.

त्याने पेटीकडे पाहिलं. मग त्याने हातमोजे चढवले. आत तळहाताएवढी लाल पिशवी होती.

“एवढीशीच?”

“एवढीच.”

झाकण त्यानेच लावलं. मग रांगेतल्या लोकांना बाजूला सारत तो बाईंच्या पुढे धावत सुटला, थेट विमानाच्या दारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर परिचारिकेने पेटीचं तापमान नोंदवलं, सही केली आणि पेटी आत नेली. कुणासाठी ते विचारायचं नाही, आपण कोण तेही सांगायचं नाही, असा नियम होता. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या.

शेजारी एक स्त्री मोबाइलमध्ये डोकं खुपसून होती. अंगावरचे कपडे दोन दिवसांचे वाटत होते.

“तुमचं कोण आहे इथे?” तिने विचारलं.

“कुणी नाही. जरा टेकले.”

“माझी लेक आहे आत. तिच्यासाठी कुणीतरी लांबून औषध घेऊन येतंय. विमान कधीच उतरलंय, बघा ना. रस्त्यात काही झालं नसेल ना हो?”

बाईंना नियम आठवला.

“नसेल झालं,” त्या म्हणाल्या.

दार उघडलं. परिचारिकेने हाक मारली, “आई, या. आलंय.”

ती धडपडत उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

“थांबाल थोडं? बाहेर कुणीतरी आहे म्हटलं की बरं वाटतं.”

बाईंचं परतीचं विमान तीन तासांनी होतं. त्यांनी बुटांचे बंद सैल केले आणि पाठ भिंतीला टेकली.