गळणारा व्हॉल्व्ह

योगराज काविळीने गेला त्याला वर्ष होत आलं, तरी त्याची भाड्याने चालणारी फियाट उधन्यातल्या खोलीसमोर तशीच उभी होती. शेवटच्या भाड्याला ती बारडोलीजवळ तापली, वाफा सोडत बंद पडली आणि दोर बांधून घरी आणावी लागली. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता योगराजनेच अंथरूण धरलं. आता खोलीत तिघं उरले होते: त्याचा बाप हिलाल, बायको सुषमा आणि पाच वर्षांची नूतन.

दिवाळीनंतर सुषमाचा भाऊ आनंदा अमळनेरहून आला. गाडी विकायची आणि बहीण-भाचीला घेऊन जायचं, हे तो घरून ठरवूनच आला होता. गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं. फक्त त्या माणसाला गाडी चालू हवी होती.

"गॅरेजला देऊ या का, आबा?" आनंदाने विचारलं.

"कशाले?" हिलाल म्हणाला. "मी करस ना घरीच."

त्यात बढाई नव्हती. लूमच्या कारखान्यात फिटर म्हणून त्याचं आयुष्य गेलं होतं आणि ही गाडी त्याने पोराबरोबर पूर्वी एकदा उघडलीही होती. आनंदा गेला आणि हिलालने बॉनेट उघडलं. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, त्याच्याखालची गळती अडवणारी गॅस्केट जळली होती. पाणी ऑइलमध्ये उतरून दुधाळ चिखल झाला होता. त्याने हेड सोडवून घरात आणलं आणि मोरीजवळ दोन पाटांवर ठेवलं.

मग घरभर रॉकेलचा वास सुटला. पोळीलासुद्धा तोच वास. सुषमा साड्यांवर टिकल्या लावायचं काम घरी आणायची. ती साड्यांचा गठ्ठा खाटेवर, शक्य तितका लांब ठेवू लागली. हिलाल बोथट पात्याने काजळी खरवडायचा, ब्रशने घासायचा, फडक्याने पुसायचा. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून त्याने हेडचा तळ घासून सपाट केला. एकेका व्हॉल्व्हला, हेडमधल्या झडपेला, घासायची पेस्ट लावून तो लाकडी दांडीने, ताक घुसळल्यासारखा, दोन्ही तळव्यांत फिरवत राहायचा. त्या दिवसांत तो जेवायचाही बरा.

पारख सोपी होती. हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हवरच्या खळग्यांत रॉकेल ओतायचं. व्हॉल्व्ह नीट बसला असेल तर खाली थेंब येत नाही. पहिल्यांदा सगळेच गळले. मग एकेक बंद होत गेला. शेवटी एकच राहिला.

"आजून गळस," हिलाल संध्याकाळी सांगायचा. "घासनं पडी."

दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला, दुसराही गेला. कोपऱ्यावरच्या दुकानात आनंदाचा फोन यायचा. सुषमा जाऊन सांगायची, अजून एक व्हॉल्व्ह गळतोय. पलीकडून आनंदा चिडायचा, "म्हाताऱ्याला जमत नसेल तर तसं सांग."

एका दुपारी हिलाल नूतनला बालवाडीतून आणायला गेला. डाळ शिजत होती. सुषमाने उलट्या ठेवलेल्या हेडकडे पाहिलं. का कोण जाणे, तिने खाली कोरा कागद सरकवला, बाटली उचलली आणि खळग्यांत रॉकेल ओतलं. डाळ शिजली, तिने ती घोटली, फोडणी दिली. मग वाकून कागद ओढून पाहिला. तो कोरडा होता. तिने बोटाने चाचपून पाहिलं. एक थेंबही नव्हता.

हिलाल आला तेव्हा ती तिथेच बसलेली होती. तिने नूतनला ताट वाढून शेजारी धाडलं आणि कागद पुढे केला.

"कोणता गळतोय, आबा?"

तो उभाच राहिला. टोपी काढून त्याने हातात धरली.

"किती दिवसांपासून खोटं सांगताय? मी भावाला खोटं सांगत राहिले तुमच्यामुळे!"

"जाशी तू," तो हळूच म्हणाला. "नूतनले संगे लई जाशी. मंग मी आठे एकला कोनाकडे देखू?"

सुषमाला त्याची कीव आली, पण त्याहून जास्त संताप आला.

"भाऊ येतो, न्यायचं ठरवतो. तुम्ही ठेवून घ्यायचं ठरवता. मला कोणी विचारलंय का? याच खाटेवर गेले ते. रात्री हात लागतो खाटेला आणि मी दचकून उठते. वर्ष झालं, आबा, मी नीट झोपलेले नाही."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. हिलाल खाटेकडे बघत राहिला. रोज सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसायचे. टिकल्यांच्या कामाने सुजतात, असं तो धरून चालला होता.

जेवायला तो बसलाच नाही. हात धुऊन त्याने व्हॉल्व्हच्या बाजूला ठेवलेल्या स्प्रिंगा परत बसवायला घेतल्या. एकट्याला ते जमेना, तेव्हा सुषमा पुढे झाली. तो स्प्रिंग दाबून धरायचा, ती व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या खाचेत स्प्रिंग अडवणाऱ्या बारीक खुंट्या बसवायची.  नव्या गॅस्केटवर हेड ठेवून त्याने मधल्या नटापासून कडेकडे थोडं थोडं आवळत नेलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं जोडून, ऑइल-पाणी भरून त्याने चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

शेजारच्या खोलीतून नूतन अनवाणी धावत आली. "पप्पा आले!"

हिलालने चावी बंद केली. पोर गाडीच्या खिडकीतून आत बघत राहिली. सुषमाने तिला उचललं आणि आत नेलं.

रविवारी आनंदा गिऱ्हाईक घेऊन आला. इंजिनचा आवाज ऐकून त्या माणसाने मान डोलावली.

"एवढे दिवस काय करत होतात, आबा?" आनंदा म्हणाला.

हिलाल फडक्याने बॉनेट पुसू लागला.

"व्हॉल्व्ह गळत होता," सुषमा म्हणाली. "सांगितलं होतं ना तुला."

फियाट गेली. दोन दिवसांनी हिलाल त्यांना सोडायला उधना स्टेशनवर आला. आनंदा जागा धरायला डब्यात चढला. नूतन आजोबाच्या धोतराला धरून उभी होती.

"आबा," सुषमा म्हणाली, "खोटं कशाला बोललात? राहा म्हणायचं होतं."

"ऱ्हाय म्हनलं असतं, तं ऱ्हायली असती का?"

 गार्डची शिटी झाली, आतून आनंदाने हाक मारली. तिने नूतनचा हात सोडवून घेतला.

"नाही," ती म्हणाली आणि चढली.

हिलालने मान हलवली, जणू त्याला हेच ऐकायचं होतं. गाडी हलली तसा तो खिडकीबरोबर थोडा चालला, मग थांबला. चलथाण गेलं, बारडोली आलं, नूतन मांडीवर झोपली. 'नाही' म्हणताना आपण म्हाताऱ्याला खरं सांगितलं की नाही, हे सुषमाला तोवरही कळलं नव्हतं.