पदरात घ्या

"हात छातीशी आण. अगं, असे नाही, लग्नात पाहुण्यांना करतात तसा नमस्कार नको. जरा वाक. मान खाली."

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, बंद दारासमोरच्या बाकड्यावर बसून दीपक धुरी मुलीचे हात आपल्या हातांनी जुळवून देत होता. अक्षदाने ते जुळवू दिले आणि त्याने सोडल्याबरोबर मांडीवर टाकले. दाराआड चौकशी समिती बसली होती. टी.वाय.च्या शेवटच्या पेपराला अक्षदाच्या बाकाखाली मायक्रो झेरॉक्सची चिठ्ठी सापडली होती. दोषी ठरली तर निकाल रद्द, वर दोन वर्षं परीक्षेला बंदी. लोअर परळच्या ऑफिसात लागलेली नोकरीही जाणार, कारण त्यांना जुलैत मार्कशीट हवी होती. घरातली पहिली खुर्चीवरची नोकरी! तिच्या आईने, मालनने, तर पेढेसुद्धा वाटून टाकले होते.

"बाबा, पण मी ती चिठ्ठी..."

"ते नको आता. कोणी केलं, कसं केलं, यात शिरलं की माणसं हट्टाला पेटतात. तू फक्त म्हणायचं, चुकलं माझं, पदरात घ्या. विषय संपला."

आता यातलं दीपकला कळत नाही, असं लालबागच्या त्यांच्या चाळीत कोणाची म्हणायची टाप नव्हती. टॉवरमधले एसी सांभाळून तो घरी आला, की पायातल्या चपला काढायच्या आत कोणीतरी तक्रार घेऊन उभं असायचं. पाण्यावरून, गॅलरीतल्या कपड्यांवरून, मंडळाच्या वर्गणीवरून. पद्धत ठरलेली होती. चाळीच्या ऑफिसात गणपतीच्या तसबिरीपुढे चुकलेल्याने नारळ ठेवायचा, दीपकने गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. नारळ फुटला, खोबरं वाटलं, की त्या गोष्टीवर पुन्हा कोणी चकार शब्द काढायचा नाही. केवढी सोय! पोलीस नको, कोर्ट नको. चाळीतल्या अजितने तर न चोरलेल्या रोषणाईच्या माळांसाठी नारळ ठेवला होता. पुढे माळा पोटमाळ्यावरच सापडल्या आणि सगळे पोट धरून हसले. काय बिघडलं? अजित नंतर विरारला राहायला गेला आणि गणपतीला यायचा बंद झाला, ती गोष्ट वेगळी.

शिपायाने दार उघडलं. "धुरी. पालक पण या."

आत लांबलचक टेबल होतं आणि त्यापलीकडे तिघं जण. मधल्या सरोजिनी बर्वे या समितीच्या अध्यक्ष. केस पिकलेले, आवाज मऊ. त्यांनी अक्षदाला बसायला सांगितलं, स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. दीपकला म्हणाल्या, "तुम्ही बसा, पण मध्ये बोलू नका, बरं का." डावीकडचे गृहस्थ काहीच बोलत नव्हते. पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. एसी इतका वाढवून ठेवला होता, की दीपकच्या मनात आलं, इथला थर्मोस्टॅट गेलेला दिसतोय. सगळं कसं गोड, हळू आवाजात चाललेलं. त्याला फार बरं वाटलं. वाटायला नको होतं.

"हे बघ," बर्वेबाई अक्षदाला म्हणाल्या, "पर्यवेक्षकांनी तुझ्या हातात काही पाहिलेलं नाही, असं त्यांनीच सांगितलंय. चिठ्ठी झेरॉक्सची, म्हणजे अक्षर कोणाचं हा प्रश्नच नाही. त्या बाकावर सकाळी दुसऱ्या वर्गाची परीक्षा होती. हे सगळं आमच्यासमोर आहे. आता तुला काय सांगायचंय ते सांग. घाबरू नकोस."

दीपकने हे ऐकलं, पण ऐकलं ते चाळीच्या कानांनी. मोठी माणसं समोरच्याला सांभाळून घ्यायला लागली, की समजायचं, मन वळलंय. हीच वेळ वाकायची. उशीर केला तर वाटतं, पोरगी मग्रूर आहे.

"मॅडम, ती चिठ्ठी..." अक्षदाने सुरुवात केली. आवाज स्वच्छ होता, मान ताठ.

दीपक खोकला.

चाळीच्या मीटिंगमध्ये त्याच्या या खोकल्यावर भलेभले गप्प व्हायचे. अक्षदाने वळून पाहिलं. त्याने डोळ्यांनी खूण केली आणि तिने जन्मात कधी पाहिलं नव्हतं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली. हात छातीशी आणले. वाकली.

"चुकलं माझं. पदरात घ्या."

टोपणाचा आवाज थांबला. बर्वेबाईंनी चष्मा काढला, परत लावला.

"म्हणजे तू मान्य करतेस? नीट विचार करून सांग, बाळा."

"हो," अक्षदा म्हणाली.

डावीकडचे गृहस्थ लिहायला लागले. दीपकला तर हुंदकाच आला. पोरीने नाव राखलं हो!

त्यांना बाहेर थांबवलं. मालनचा फोन आला. "मिटल्यासारखंच आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बाई देवमाणूस आहेत." अक्षदा खिडकीपाशी उभी होती. पुन्हा आत बोलावलं, तेव्हा पाण्याचा ग्लास उचललेला होता.

"निकाल रद्द आणि दोन वर्षं परीक्षेला बंदी," बर्वेबाई म्हणाल्या. आवाज तितकाच मऊ. "अपील करता येतं. पण कबुलीनंतर ते सहसा टिकत नाही."

"अहो, पण बाई," दीपक उठलाच, "तिने माफी मागितली ना!"

"हो. म्हणूनच तर."

"तसं नाही हो! ते नुसतं म्हणायचं म्हणून. मी सांगितलं होतं तिला तसं म्हणायला. तिने केलं, असं नाही काही."

"म्हणजे समितीसमोर ती खोटं बोलली?" डावीकडच्या गृहस्थांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. ते रागावलेही नव्हते. त्यांनी फक्त पेन पुन्हा हातात घेतलं.

आयुष्यभर दोन्ही बाजूंना पटेल असं काहीतरी दीपकला सुचत आलं होतं. आज काहीच सुचेना.

"चला बाबा," अक्षदा म्हणाली. "आता काही बोलू नका. प्लीज."

बाहेर भोईवाड्याच्या रस्त्यावर कोर्टाच्या कामाला आलेली माणसं चहाच्या टपरीभोवती उभी होती. दीपकचा फोन खिशात सारखा थरथरत होता. मालनच असणार. त्याने उचलला नाही.

"मी बघतो काहीतरी," तो म्हणाला. "नगरसेवकांकडे जातो. अपील करू. मी स्वतः बाईंच्या घरी जाईन, पाय धरीन."

अक्षदा थांबली.

"बाबा, एक विचारू? तुम्हाला काय वाटतं? मी केली होती का कॉपी?"

ती घरी येऊन रडली तेव्हा, मालनने देवापुढे दिवा लावला तेव्हा, आज सकाळी निघताना, त्याने तिला सगळं सांगितलं होतं. काय घालायचं, कुठे बसायचं, किती वाकायचं. हे मात्र विचारलं नव्हतं.

"छे गं," दीपक म्हणाला. "तू कशाला करशील?"

म्हणाला, पण लगेच नाही. आधी त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं, चाळीच्या ऑफिसात समोर आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

अक्षदाने मान हलवली. बॅग खांद्यावर नीट घेतली आणि त्याची वाट न बघता रस्ता ओलांडला.