केस सोलापूरला निघाली

बांधावरची बाभळ कुणाची, यावरून गुरुसिद्धप्पा आणि ईश्वरप्पा यांची जुंपली, आणि ईश्वरप्पानं कुऱ्हाडीचा दांडा गुरुसिद्धप्पाच्या खांद्यात घातला. गुरुसिद्धप्पा तसाच ठणकता खांदा धरून करमाळ्याला पोलीस ठाण्यात गेला. नुसता दांडा लागला म्हटल्यावर फौजदार जांभई देईल, असं त्याला वाटलं. मग दांड्याचं पातं झालं, खांद्याची मान झाली. "जिवं मारायलाच आला हुता, सायेब!" सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, "खुनाच्या प्रयत्नाचा निकाल माझ्या अधिकारात येत नाही. साक्षीत तथ्य दिसलं तर केस सोलापूरला सेशन कोर्टात पाठवीन. मग आपसात मिटवता यायची नाही."

"तितं काय व्हतं, सायेब?"

"दहा वर्षं सक्तमजुरीसुद्धा होते."

गुरुसिद्धप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. दोघांकडं एकेकच बैल. दोघांची सावड होती. दोन्ही बैल एका जुवाला जोडून आधी एकाचं रान पेरायचं, मग दुसऱ्याचं. भांडणापासून बैल आपापल्या दावणीला बसून होते, आणि इकडं काळ्या रानाला वाफसा आला होता. आता ज्वारी पेरली नाही तर वर्ष हातचं जाणार होतं.

"ईश्वरप्पा बसंल तुरुंगात," घरी गुरुसिद्धप्पाची बायको नागव्वा त्याला म्हणाली, "अन् त्येच्या बैलाच्या जागी तुमीच जुंपून घ्या की!"

"मला काय म्हाइत, शेशन म्हणून काय असतंय ते?"

"मग जावा, खरं काय ते सांगून या."

ईश्वरप्पाची तऱ्हा वेगळीच. गावातून आजवर कुणाची केस सेशनला गेली नव्हती. घरात त्याची बायको दाक्षायणी रडून रडून अर्धी झाली, आणि हा गडी पारावर मिशीला पीळ देत सांगत होता, "आमची केस सोलापूरला चाललीया!"

पुढच्या तारखेला गुरुसिद्धप्पानं पिंजऱ्यात उभं राहून हात जोडले. खरं सांगायला आलेला माणूस घाबरून दुसरंच खोटं बोलला. "सायेब, त्येनं मारलंच न्हाय. म्या बांधावरनं पडलो."

"खोट्या साक्षीला शिक्षा असते, ठाऊक आहे?" साहेब कडाडले.

तेवढ्यात आरोपी ईश्वरप्पाच उसळून उठला. "सायेब, खोटं बोलतोय त्यो! म्या मारलं! चांगलं हाणलं!"

कोर्टात मागं बसलेल्या दाक्षायणीनं कपाळाला हात लावला.

"कुऱ्हाडीनं?"

"कुऱ्हाडीनं कसं मारीन, सायेब? सावडकरी हाय त्यो माजा! पातं माज्या मुठीत हुतं. दांडा खांद्यात घातला."

साहेबांनी गुरुसिद्धप्पाला खांदा दाखवायला लावला. जुना वळ पिवळा पडला होता, कापल्याची खूण कुठंच नव्हती. साहेबांनी हसू लपवायला तोंडावर रुमाल धरला. "ही सेशनची केस नव्हे, साधी मारहाण आहे. इथंच मिटवता येईल. काय रे, मिटवायची?"

"व्हय सायेब, व्हय!" गुरुसिद्धप्पा रडकुंडीला येऊन म्हणाला. साहेबांनी त्याला खोट्याबद्दल पोटभर झाडलं आणि दोघांना घरी धाडलं.

परतीच्या वाटेवर ईश्वरप्पाचं तोंड उतरलेलं. "साधी मारहाण म्हणं! गावाला काय सांगू आता?"

बराच वेळ चालल्यावर ईश्वरप्पानं खालच्या आवाजात विचारलं, "लई लागलं हुतं का रं?"

गुरुसिद्धप्पानं खांदा चोळला. "लई," तो म्हणाला.

"मग? म्या त्येच सांगत हुतो की सायबाला!" ईश्वरप्पाची मान पुन्हा ताठ झाली. "सकाळी बैल घिऊन येतो. पयलं तुजं रान पेरू."