पंधरा हातांचा दोर

मोजायचा दोर मी आमच्या विहिरीत दोनदा सोडला, आणि एरवी मी एकदाच मोजते. मांजरेच्या खोऱ्यातल्या आमच्या नऊ गावांनी ठराव केला होता. विहिरीचं पाणी पंधरा हातांच्या खाली गेलं की उसाची मोटर बंद. ज्याची मोटर चालू, त्यानं गावाला प्यायचं पाणी शेंदू द्यायचं. दर सोमवारी विहिरी मोजायचं काम माझ्याकडे होतं. त्या सोमवारी आमच्याच विहिरीत पाणी सतरा हातांवर गेलेलं.

सासरे, हरिबा, शेजारीच उभे होते. "चौदा लिही, विजयश्री."

"अप्पा, सतरा हाय."

"मला दिसायलंय की. ऊस वाळवायलीस का? तसं असंल तर जा माहेराला."

सासरे बोलतात ते करतात. माझ्या थोरल्या जाऊबाई तीन वर्षं माहेरीच आहेत. मी पंचायतीच्या फळ्यावर चौदा लिहिलं. सासऱ्यांनी ठराव अर्धाच ऐकला होता. उरलेला अर्धा, गावाला पाणी शेंदू द्यायचा, मीही विसरले, ही माझी अक्कल.

गुरुवारी गावातली भागाबाई घागर घेऊन आमच्या विहिरीवर आली. तिच्या गल्लीतलं बोअर आटलं होतं. फळ्यावरचं चौदा वाचून तिनं चिटगुप्प्याच्या बाजारातून पंधरा हातांचा नवा दोर आणला होता.

"तू मोजलीस म्हणल्यावर काळजी न्हाई," ती म्हणाली.

तिनं घागर सोडली. पाणी लागेना. "कुठं अडकलीय की," म्हणत तिनं कठड्यावर पोट टेकलं, हात आत घातले, मग खांदेही. तिचे पाय जमिनीवरून सुटले. मोटरच्या खोलीपाशी उभ्या सासऱ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली: बोलू नको.

मी धावत जाऊन तिचे पाय कवटाळले. "मावशी, मागं या. पाणी सतरावर हाय. मी खोटं लिहिलं."

भागाबाई कशीबशी मागं सरकली. रागावली नाही, हेच वाईट. धापा टाकत तिनं एवढंच विचारलं, "मग आम्ही काय प्यावं, पोरी?"

मोटर चालूच होती. सासरे खोलीच्या दारात आडवे आले. त्यांच्या काखेखालून हात घालून मी बटण बंद केलं.

"पंचायतीत गेलीस तर घरी येऊ नको," ते म्हणाले.

फळ्यावरचं चौदा पुसायला मी पंचायतीकडे निघाले.