भरपूर

वर्गात तिला सगळे मुंगी म्हणत, कारण अभ्याससहलीला गेलं की बाकीची पोरं फोटो काढत आणि ही गवतात डोकं खुपसून बसे. वनस्पतीशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने पन्नास शीट द्यायच्या होत्या. शीट म्हणजे रोप आणायचं, दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं आणि खाली लेबल लावायचं. सरांचा दंडक एकच: रोप मुळासकट हवं. मूळ नाही तर मार्क नाही.

मुंगीच्या एकोणपन्नास झाल्या होत्या. पन्नासाव्या शीटचं रोप तिला डोंगरावर कड्याखाली मिळालं. वीतभर उंच, फिकट जांभळी दोन फुलं. असं दुसरं कुठे आहे का म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. नव्हतं. मग काय, अलगद मूळ मोकळं केलं आणि घेतलं! लेबलवर 'किती रोपं आढळली' असा एक रकाना असतो. त्यात अख्खा वर्ग डोळे झाकून 'भरपूर' लिहायचा. हिनेही लिहिलं.

सर शीट तपासताना एरवी जांभया देत. या शीटवर त्यांची जांभई अर्ध्यातच राहिली. भिंग काढलं, चष्मा पुसला, पुन्हा भिंग.

"अगं पोरी, हे कुठे मिळालं तुला?"

तिने सांगितलं.

"बावीस वर्षं शोधतोय मी हे! संपलं म्हणून हात टेकले होते." मग त्यांचं बोट लेबलवर आलं. "आणि भरपूर? भरपूर!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. दातखीळ बसली होती का बाईची? पण सरांनी घरी बायकोला फोनसुद्धा लावला होता. "अगं, ऐकलंस का, सापडलं! हो हो, तेच!" इतक्या खूश माणसाला खरं कसं सांगायचं? शिवाय, खोटं कशाला बोला, ते कौतुक मुंगीला आवडलंही होतं.

सरांचे गुडघे कामातून गेलेले. तरी तासाभरात ते बूट घालून तयार! चढणीवर तीनदा बसले. तीनदा मुंगीने तोंड उघडलं, आणि तीनदा नुसती पाण्याची बाटली पुढे केली.

कड्याखाली पोचल्यावर सर सरळ हातापायांवर आले आणि रांगत गवत चाळू लागले. "बघत काय उभी? तुझे डोळे तरणे आहेत, शोध की!" आणि ती शोधू लागली. जे नाही हे पक्कं ठाऊक, तेच शोधू लागली! पाव तास, अर्धा तास. सरांच्या पँटचे गुडघे मातीने माखलेले पाहिले तेव्हा मात्र तिला राहवेना.

"सर, एकच होतं."

"काय?"

"एकच रोप होतं. मी आणलं ते."

सर तसेच ओणवे राहिले. "मग भरपूर?"

"सगळे तेच लिहितात."

"बी धरलं होतं?"

"नाही. फुलंच होती."

सर हात झाडत उठले. चांगले ओरडले असते, एक थोबाडीत दिली असती, तरी तिला बरं वाटलं असतं. उतरताना त्यांना आधार लागला, आणि तिथे दुसरं होतं कोण? मुंगीच्याच खांद्यावर हात ठेवून ते खालपर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात सांगितलं, की एक रोप होतं, इथलं शेवटचंच असावं, आणि ते शीटसाठी उपटलं गेलं. नाव घेतलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "असा कोण दीडशहाणा होता, सर?" वर्ग खदखदून हसला. मुंगीचे कान तापले.

"मी," सर म्हणाले. "मुळासकट आणा, असं तुम्हाला सांगणारा मीच ना?"

मुंगीला उठायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की सर नाही, मी. पण त्याआधी तिला हायसं वाटलं. सुटले बाई एकदाची, असं वाटलं! आणि आपल्याला हायसं वाटलं हे कळताच तिला इतकी लाज वाटली की मान वर होईना. तास संपला. सर फळा पुसून निघून गेले. ती बसूनच होती.