एक ओळ कमी

स्पेसबारच्या फटीत उस्मानिया बिस्किटाचा कण अडकलाय, अंगठा पडला की बारीक कुरकुरतो... कुलदीप नखानं काढायला बघतो तर तो आणखी आत सरकतो. जाऊ दे. समोर स्क्रीनवर तीन वाक्यं आहेत. बंद पडलेले डबे काढून टाकतं. जागा मोकळी करतं. वापरायला सुरक्षित. लिहिलीत इंग्रजीत, पण त्याच्या डोक्यात ती मराठीतच वाजतात, आणि तिसरं तर सकाळपासून वाजतंच आहे.

डबे म्हणजे कंटेनर. कंपनीचा एकेक प्रोग्राम एकेका डब्यात चालतो. हे डबे लावायचे, थांबवायचे, फेकायचे तर त्यासाठी चौदा टूल्स आहेत, आणि ती आता माणूस वापरत नाही, एजंट वापरतो, म्हणजे एआय. त्याला शेजारी बसवून कुणी शिकवत नाही. प्रत्येक टूलखाली वर्णन असतं, तो ते वाचतो आणि कामाला लागतो. ती चौदा वर्णनं कुलदीपची. एका दुपारी, कानात गाणी घालून, सपासप लिहिलेली. साफसफाईच्या टूलखाली एक ओळ राहिली — डब्याबरोबर त्यात साठवलेली माहितीही जाते, आणि परत येत नाही.

राहिली? राहिली नाही रे. मला माहीत होती. कंटाळा आला, आणि वाटलं, एवढं तर कुणालाही कळतं.

कुणालाही म्हणजे कुणाला? तुला तरी कसं कळलं होतं... तारनाक्याच्या घरात, जुन्या लॅपटॉपवर, व्हिडिओ बघून बघून शिकताना असाच एक डबा उडवला होता, आणि त्यात प्रणिताताईच्या लग्नाचे सगळे फोटो. फोटोवाल्याकडेही उरले नव्हते. ताई, लॅपटॉपच खराब निघाला गं, असं सांगितलं होतं; आणि ती बिचारी उलट मलाच म्हणाली, जाऊ दे, तू जेवलास का? अजूनही कुणी फोटो मागितले की ती लॅपटॉपला शिव्या घालते.

शनिवारी डिस्क भरली. हर्षद, म्हणजे टीमचा प्रमुख, घरूनच एजंटला म्हणाला, जागा कर. एजंटनं केली. त्यात ऋचाचा डबा गेला. तिच्या सहा आठवड्यांच्या कामासकट — चार हजार रेकॉर्ड केलेले आवाज, एकेक ऐकून तिनं खूण केलेले, ही तेलुगू, ही दख्खनी, ही दोन्हीची खिचडी. पुण्याहून आलेली पोरगी, अजून प्रोबेशनवर. पहिल्या आठवड्यात रिक्षावाल्याचं बोलणं कळायचं नाही तिला. दुसरी प्रत ठेवायची ठरली होती, पुढच्या आठवड्यात. आणि शुक्रवारी निघताना तिनं डबा थांबवला होता, उगाच कशाला चालू ठेवायचा म्हणून.

"एजंटवर काय ओरडू?" सकाळी हर्षद सगळ्यांसमोर म्हणाला. "त्याला ना पगार, ना प्रोबेशन!" सगळे हसले. मग ऋचाकडे वळून, "पण ऋचा, डबा बंद करायचं कुणी सांगितलं होतं तुला? तुझा प्रोबेशनचा रिपोर्ट आजच जायचाय गं. तीनला बसू."

कुलदीपही हसला होता. सगळ्यांच्या आधी, बहुतेक.

नंतर त्यानं एजंटची नोंद उघडली. चाळीसएक पानं, दुसऱ्या कुणी उघडलीच नव्हती. सव्विसाव्या पानावर एजंटनं लिहिलं होतं: वर्णनात सुरक्षित म्हटलं आहे, म्हणून पुढे जातो आहे... किती साधेपणानं. ह्या ऑफिसात माझा कोड दोनदोनदा तपासतात, डिग्री नाही ना त्याची, जरा नीट बघा, म्हणतात. मला राग येतो त्याचा, नेहमी येतो. वर्णनं मात्र कुणी तपासली नव्हती, ती काय कोड थोडीच. आणि ह्यानं, ह्या एकट्यानं, माझा शब्द न् शब्द खरा मानला. माणूस असता तर विचारलं असतं — का रे भाऊ, डबा टाकला तर आतलं सामान कुठं जातं? ह्यानं नाही विचारलं. म्हणजे चूक त्याचीच की... असं तासभर धरून बसला तो. त्या तासाभराचा फार आधार वाटला.

एक वाजता, सगळे जेवायला गेल्यावर, त्यानं ती ओळ लिहिली. 'सुरक्षित' खोडलं. कधी वापरू नये, आधी काय बघावं, कुणाला विचारावं, सगळं घातलं. आयुष्यात इतकं स्वच्छ कधी लिहिलं नव्हतं. वाचून बरं वाटलं, आणि लगेच मनात आलं — हे इतकं नीट माहीत होतं तुला!

"कुलदीप, एक विचारू? हसू नकोस पण."

ऋचा. तीनला पाच मिनिटं कमी, हातात वही, डोळे धुऊन आलेले.

"विचार ना."

"मी शुक्रवारी डबा बंद केला नसता तर राहिलं असतं ना सगळं? आमच्याकडे खोलीतून निघताना दिवा घालवायची सवय, तसंच झालं बघ. तू खरं सांग, तुला यातलं कळतं."

तुला यातलं कळतं. त्याच्या घशाशी ती ओळ आली, दुपारीच लिहिलेली, तयार, स्वच्छ... रिपोर्ट, तीन वाजता, हर्षद, डिग्री नाही ना त्याची...

"हौ," तो म्हणाला. "चालू असता तर राहिलं असतं."

"नक्को करना था मग," ती दख्खनीत म्हणाली. त्या चार हजार आवाजांतूनच उचललेलं असणार. तसं म्हणून जरा हसलीसुद्धा. मग उभ्याउभ्याच वहीत काहीतरी लिहिलं. "बरं झालं तुला विचारलं. आता सरळ मान्य करून टाकते."

एकही शब्द खोटा नव्हता. पुन्हा एकदा, एक ओळ कमी. आणि हिनं तर विचारलं होतं — समोर उभं राहून, नाव घेऊन विचारलं होतं.

ती मीटिंगच्या खोलीकडे चालली होती, वही छातीशी धरून, घाई नाही काही नाही. आजवर ज्यांनी ज्यांनी त्याला उलटून विचारलं त्या प्रत्येकाचा त्याला राग आला होता. आणि आत्ता, तिच्या पाठीकडे बघत, त्याला जीव तोडून वाटत होतं की हिनं वळावं, परत यावं, म्हणावं, नीट सांग रे, अजून काय आहे? अजून आहे. विचार ना. एकदाच... ती वळली नाही. दार लोटलं गेलं. आपण उभे आहोत हे कुलदीपला तेव्हा कळलं. कधी उठलो ते आठवेना, आणि बसावं म्हटलं तर बसताही येईना.